मीटर बारा व्होल्ट दाखवतो, पंप मात्र फिरत नाही

जुन्या ट्रॅव्हलरवर बांधलेल्या मोटरहोमच्या तक्रारी पावसाळा सरला की सुरू होतात. पाण्याचा पंप धापा टाकत फिरतो, फ्रिज रात्री केव्हातरी बंद पडतो, पंखा लावला की दिवे मंदावतात. वायरमन येतो, मीटर लावतो, 12.5 दिसतं. "सप्लाय तर येतोय, पंपच गेलाय," असा निकाल लागतो आणि नवा पंप बसतो. महिनाभरात तोही धापा टाकायला लागतो, कारण पहिला पंप चांगलाच होता.

दोष बहुतेक वेळा तारेत, जोडात किंवा अर्थमध्ये, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे पत्र्यातून जाणाऱ्या परतीच्या वाटेत असतो, आणि भार टाकल्याशिवाय तो दिसतच नाही. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण 10 मेगाओहम असतो. म्हणजे मोजताना तारेतून मायक्रोअँपिअरभर करंट जातो. तारेचे तीसपैकी एकोणतीस धागे तुटलेले असले, बोल्ट पूर्ण गंजलेला असला, तरी एवढासा करंट सहज पोहोचतो आणि मीटर खुशाल 12.5 दाखवतो. पंपाला 5 अँपिअर लागतात. तेवढे त्याच वाटेने जायला लागले की पंपाच्या टोकाशी 8 किंवा 9 व्होल्टच उरतात.

म्हणून पहिलं हत्यार मीटर नाही, बल्ब आहे. 12 व्होल्टचा एच4 हेडलाइट बल्ब घ्यावा, 55 वॅटची फिलामेंट वापरावी, तिला 1.5 चौरस मिमीच्या दोन तारा आणि टोकाला मगर क्लिपा लावाव्यात. हा साडेचार अँपिअरचा भार झाला. पंपाच्या तारा काढून त्या जागी हा बल्ब जोडायचा आणि तो पेटलेला असताना त्याच्याच दोन टोकांवर मीटर धरायचा. बॅटरीवर 12.5 आणि बल्बवर 12.1 असेल तर वायरिंग ठीक आहे, पंप उघडून बघा. बॅटरीवर 12.4 आणि बल्बवर 9.5 असेल तर पंपाला हातही लावू नका. बल्ब लगेच तापतो, काच कपड्याने धरा.

सोबत 21 वॅटचा इंडिकेटरचा बल्ब, टोकांना क्लिपा लावलेली पाच-सहा मीटरची एक लांब तार, तारेच्या टोकाला कडी चेपून बसवायचं चांगलं क्रिंपिंग टूल आणि बॅटरीच्या ॲसिडचा जडपणा मोजणारा हायड्रोमीटर, एवढं असलं की पुरतं. दोन्ही बल्ब मात्र फिलामेंटचेच हवेत. एलईडी या कामाला उपयोगाचा नाही, तो भारच घेत नाही.

काळी वायर कुणाची?

हत्यारं उचलण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. मोटरहोममध्ये तीन वेगवेगळ्या वायरिंग एकाच पत्र्याच्या आत नांदत असतात. पहिली गाडीची कंपनीतून आलेली 12 व्होल्टची, दुसरी घरातल्या, म्हणजे गाडीच्या राहत्या भागातल्या, बॅटरीची 12 व्होल्टची, तिसरी इन्व्हर्टर आणि बाहेरून सप्लाय घ्यायच्या प्लगची 230 व्होल्टची. पहिली कारखान्यात झाली, दुसरी आणि तिसरी बॉडी बांधणाऱ्याकडच्या माणसाने केली. तो बहुधा घरांच्या वायरिंगला सरावलेला असतो. घरात लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल आणि हिरवी म्हणजे अर्थ. बॅटरीच्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे प्लस आणि काळी म्हणजे मायनस. एकाच कपाटामागे दोन्ही काळ्या वायरी एका पट्टीने बांधलेल्या सापडतात, आणि त्यातल्या एकीत बॅटरीचा परतीचा करंट तर दुसरीत 230 व्होल्टची परतीची वाट असते. न्यूट्रल आहे म्हणून ती निर्धोक समजू नका. इन्व्हर्टरच्या आउटपुटला तर फेज आणि न्यूट्रल असा भेद बऱ्याचदा नसतोच, दोन्ही तारा बॉडीच्या तुलनेत शंभरेक व्होल्टवर असतात.

त्यामुळे कपाट उघडण्याआधी बाहेरचा प्लग काढायचा आणि इन्व्हर्टर त्याच्या मुख्य बटणावरून बंद करायचा. रिमोटवरून बंद केलेला चालत नाही. मग दोन्ही काळ्यांवर एसी व्होल्ट मोजायचे आणि त्यानंतरच हात घालायचा. 12 व्होल्टच्या बाजूला काम करताना आधी बॅटरीचा मायनस काढावा आणि शेवटी जोडावा. हातातली अंगठी आणि कडं काढून ठेवावं. 12 व्होल्टचा शॉक बसत नाही, पण अंगठी प्लस आणि बॉडीच्या मध्ये आली तर क्षणात लाल होते. गॅसचा सिलिंडर बंद करून खिडक्या उघडाव्यात, बॅटरीच्या पेटीचं झाकणही थोडा वेळ उघडं ठेवावं.

आधी अर्थ

दहापैकी बहुतेक वेळा शोध परतीच्या वाटेवर संपतो. प्लसची तार डोळ्यांना दिसते, तिला फ्यूज असतो, लोक तिची काळजी घेतात. मायनस मात्र जवळच्या पत्र्यात एक स्क्रू मारून सोडून दिलेला असतो. तिथे रंग असतो, रंगाखाली पुट्टी असते, पावसाचं पाणी खालून उडतं. गाडी तारकर्ली किंवा गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर मुक्काम करून आली असेल तर खारी हवाही त्यात शिरलेली असते. तांब्याच्या थिंबलवर, म्हणजे तारेच्या टोकाला चेपलेल्या कडीवर, हिरवट थर चढतो, स्क्रूखालचा पत्रा तपकिरी होतो. रोध 0.4 ओहम झाला तरी 5 अँपिअरला 2 व्होल्ट तिथेच खर्च होतात, शिवाय तो स्क्रू 10 वॅटने तापतो. तापला की गंज वाढतो आणि रोध आणखी चढतो.

मोजायची पद्धत अशी. मीटर डीसी 20 व्होल्टच्या रेंजवर ठेवा. भार चालू ठेवा, म्हणजे पंप किंवा एच4 बल्ब पेटलेला हवा. लांब तारेच्या मदतीने काळा प्रोब बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खांबावर धरा, थिंबलवर नाही. लाल प्रोब पंपाच्या मायनस टोकावर ठेवा. 0.1 च्या आत आलं तर उत्तम, 0.2 पर्यंत चालेल. 0.5 किंवा जास्त दिसलं तर परतीच्या वाटेत खोट आहे, आणि आता ती जागेवर पकडता येते. काळा प्रोब हलवायचा नाही. लाल प्रोब टप्प्याटप्प्याने बॅटरीकडे सरकवत जायचं: पंपाचं टोक, तारेचं थिंबल, बोल्टचं डोकं, बोल्टशेजारचा खरवडलेला पत्रा, चॅसिस, चॅसिसवरून बॅटरीला जाणाऱ्या केबलचं टोक आणि शेवटी त्या केबलचा बॅटरीवरचा क्लॅम्प. थिंबलवर 1.8 होतं आणि शेजारच्या पत्र्यावर 0.15 झालं, तर दोष त्या दोन जागांच्या मध्ये आहे. शिशाचा खांब आणि त्यावरचा क्लॅम्प यांच्यातही 0.3–0.4 व्होल्ट सापडतात, तिथे पांढरी भुकटी दिसली की समजावं.

दुरुस्ती घाईत करू नये. स्क्रू काढून टाका, परत तोच वापरू नका. भोक मोठं करून 8 मिमीचा बोल्ट घाला. पत्रा दोन्ही बाजूंनी एमरी पेपरने नाण्याएवढा चकचकीत करा, टिन केलेलं तांब्याचं थिंबल क्रिंप करून लावा, दातेरी वायसर घाला, नट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस फासा. ग्रीस नंतर लावायचं, आधी नाही. घरातल्या सगळ्या मायनस तारा पत्र्यात न सोडता एका तांब्याच्या पट्टीवर आणल्या आणि तिथून 16 चौरस मिमीची एक केबल थेट बॅटरीला नेली, तर हा त्रास कायमचा मिटतो. माझं मत विचाराल तर जुन्या गाडीत पैसे खर्च करायची ही पहिली जागा आहे, लिथियम बॅटरी आणि मोठ्या सोलर पॅनेलच्याही आधी.

मागच्या दिव्यांचाही हाच आजार असतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंदावतो, किंवा इंडिकेटरबरोबर टेललाइटही लुकलुकते. त्या दिव्याच्या अर्थची तार सुटलेली असते आणि करंट शेजारच्या बल्बमधून परतीची वाट शोधतो. बल्ब बदलून काही होत नाही.

प्लसची बाजू आणि तारेची जाडी

अर्थ स्वच्छ निघाला तर हीच मोजणी प्लसच्या बाजूने करायची: लाल प्रोब बॅटरीच्या प्लस खांबावर, काळा प्रोब पंपाच्या प्लस टोकावर. इथले नेहमीचे गुन्हेगार तीन. पहिला फ्यूजचा होल्डर. त्याच्या पाकळ्या सैल होतात, प्लास्टिक तपकिरी पडतं, फ्यूज काढताना गरम लागतो. दुसरा पिळून काळ्या टेपने गुंडाळलेला जोड. मे महिन्याच्या उन्हात टेपचा डिंक वितळतो, टेप उलगडते आणि तांबं काळं पडतं. तिसरा भिंतीवरचं घरगुती बटण. ते एसीसाठी बनवलेलं असतं. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी आपोआप विझते, डीसीत ती विझायला आयता शून्य मिळत नाही. पंपासारखी मोटर रोज बंद-चालू केली की आतले पॉइंट जळून काळे होतात. बटणाच्या दोन टोकांवर, पंप चालू असताना, मीटर धरा. 0.1 पेक्षा जास्त आलं तर बटण बदला आणि डीसीचं रेटिंग लिहिलेलंच घ्या.

कधी कधी सगळे जोड चांगले असतात, तार मात्र मुळातच बारीक असते. हिशेब सोपा आहे: 0.0175 गुणिले तारेची जाऊन-येऊन लांबी मीटरमध्ये, भागिले चौरस मिमी. फ्रिज बॅटरीपासून 8 मीटरवर असेल तर लांबी 16 धरायची. 2.5 चौरस मिमीच्या तारेचा रोध 0.112 ओहम, 5 अँपिअरला 0.56 व्होल्ट गेले. 6 चौरस मिमी घातली तर 0.23. अर्ध्या व्होल्टने काय बिघडतं? डॅनफॉस किंवा सेकॉपच्या बीडी35 कॉम्प्रेसरचा फ्रिज असेल तर बरंच बिघडतं. त्याचं कंट्रोल युनिट कंपनीच्या सेटिंगला 10.4 व्होल्टवर बंद होतं आणि 11.7 मिळाल्याशिवाय परत सुरू होत नाही. हे व्होल्ट ते स्वतःच्या टोकाशी मोजतं, बॅटरीवर नाही. पहाटे बॅटरी खाली आलेली असते, सुरू होताना करंटचा झटका येतो आणि फ्रिज बसतो. युनिटला एलईडी जोडलेला असेल तर तो दर चार सेकंदांनी लुकलुकतो. एकदा लुकलुकला म्हणजे व्होल्ट कमी, तीनदा म्हणजे मोटर सुरूच होत नाही, पाचदा म्हणजे युनिट तापलंय. एकदा लुकलुकणाऱ्या फ्रिजमध्ये गॅस भरायला माणूस बोलावू नका.

फ्यूज सारखा उडतो

इथे लोक सगळ्यात घातक गोष्ट करतात. 10 अँपिअरचा लाल फ्यूज उडतो म्हणून 20 चा पिवळा घालतात, तोही उडाला की 30 चा हिरवा. फ्यूज तारेसाठी असतो, पंपासाठी नाही. 1.5 चौरस मिमीच्या तारेवर 30 चा फ्यूज म्हणजे प्लायवुडच्या भिंतीत ठेवलेली शेगडीच.

त्याऐवजी त्या लाइनवरची सगळी उपकरणं काढा आणि फ्यूज काढून त्याच्या होल्डरच्या दोन पाकळ्यांत 21 वॅटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल, पण करंट 1.75 अँपिअरच्या वर जाऊच शकणार नाही, त्यामुळे तार जळत नाही आणि फ्यूजचा डबाही रिकामा होत नाही. बल्ब दिसेल अशा जागी लटकवा आणि वायरिंगचा जुडगा एका टोकापासून हळूहळू हलवत चला. जिथे हात लागताच बल्ब मिचकतो किंवा विझतो, शॉर्ट तिथेच आहे. शोधायच्या जागा ठरलेल्या असतात: छताच्या पंख्यासाठी पत्रा कापलाय त्याची धारदार कड, पलंगाची बिजागरी, दाराची चौकट, कपाट बसवताना मारलेला लांब स्क्रू आणि सायलेन्सरजवळून गेलेली केबल. गाडी महिनोन्महिने उभी असेल तर उंदरांनी कुरतडलेली जागा सीटखाली किंवा बॅटरीच्या पेटीमागे सापडते, बाजूला लेंड्याही दिसतात. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट घाला. हे काम दहा रुपयांचं आहे.

उभ्या गाडीची बॅटरी उतरते

आधी बॅटरी खरोखर भरलेली होती का ते बघा. चार्जिंग बंद करून चार-पाच तास थांबल्यावर गाडीची बॅटरी 12.6–12.7 दाखवते. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी मात्र पूर्ण भरूनही 12.5–12.6 वरच असते, कारण तिचं ॲसिड मुळात हलकं ठेवलेलं असतं, हायड्रोमीटरवर 1250 च्या आसपास. तिला उगाच नापास करू नका. सहाही सेल तपासा. पाच 1240 आणि एक 1180 असेल तर तो सेल गेला. रात्रभर चार्ज करूनही सकाळी 10.5 च्या आसपास येत असेल तर एक सेल शॉर्ट आहे, अशा बॅटरीला आणखी चार्ज करत बसू नये, ती नुसती तापते.

बॅटरी चांगली असेल तर गळती मोजा. मीटर 10 अँपिअरच्या सॉकेटवर लावा, मायनसची केबल काढा आणि खांब व केबलच्या मध्ये मीटर घाला. मीटर लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही आणि इन्व्हर्टरही चालवायचा नाही. 20–50 मिलिअँपिअर ठीक आहे. 300 दिसले तर दिवसाला 7.2 अँपिअर-तास गेले, म्हणजे 150 ची बॅटरी दहा दिवसांत अर्धी. मग एकेक फ्यूज काढत जा आणि आकडा कुठे पडतो ते बघा. कुठेच पडला नाही तर फ्यूज बॉक्सच्या आधी, थेट बॅटरीवर काय जोडलंय ते शोधा. तिथे हमखास इन्व्हर्टर असतो, आणि तो काहीही न चालवता नुसता चालू राहिला तरी अर्धा ते एक अँपिअर खातो.

रात्रीत दोन्ही बॅटऱ्या एकदम उतरत असतील तर त्यांच्यामधला रिले, म्हणजे इंजिन चालू असतानाच दोघींना जोडणारं आपोआप चालणारं स्विच, चिकटलेला आहे. इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी घरातले दिवे लावा आणि दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट बघा. दोन्ही एकत्र खाली येत असतील तर पॉइंट वितळून जुळलेत. उलट इंजिन चालू असताना गाडीच्या बॅटरीवर 14.2 आणि घरच्या बॅटरीवर 12.6 असेल तर रिले ओढतच नाही, किंवा त्याची केबल बारीक आहे. आणि हो, जुन्या साध्या रिलेवर लिथियम बॅटरी जोडू नका. ती अल्टरनेटरमधून मिळेल तेवढा करंट ओढत राहते आणि अल्टरनेटर जळतो. मध्ये करंटला मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर हवाच.

एलईडी पट्टीवरचे तीन-तीन दिव्यांचे तुकडे विझत असतील तर पट्टी 12 ची आणि चार्जिंगला व्होल्ट 14.4, हे कारण. 12 व्होल्टचा रेग्युलेटर आधी लावून मग नवी पट्टी चिकटवा.

मिक्सर लावला की इन्व्हर्टर ओरडतो

750 वॅटचा मिक्सर चालताना बॅटरीतून जवळपास 80 अँपिअर निघतात. त्या वेळी बॅटरीच्या खांबांवर आणि इन्व्हर्टरच्या टोकांवर एकाच वेळी मोजा. बॅटरीवर 12.1 आणि इन्व्हर्टरवर 10.6 दिसलं तर मधे दीड व्होल्ट हरवलाय, म्हणजे 120 वॅट उष्णता कुठल्यातरी थिंबलमध्ये जमतेय. मिक्सर थांबवून लगेच प्रत्येक जोडाजवळ हात न्या, गरम असलेलाच दोषी. हातोडीने चेपलेलं थिंबल कापून टाका, हायड्रॉलिक क्रिंपरने नवं लावून घ्या. केबल 35 चौरस मिमीची आणि दीड मीटरच्या आत हवी, फ्यूज बॅटरीला लागून हवा. सोलरबद्दल एवढंच: पॅनेलच्या तारांच्या एमसी4 जोडण्या (प्लग) दोन वेगळ्या बनावटीच्या मिसळू नका, त्या बसल्यासारख्या वाटतात आणि वितळतात.

230 व्होल्टची बाजू

बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात, विशेषतः अनवाणी ओल्या जमिनीवर उभं राहून. यावर पायपुसणं टाकणं हा उपाय नाही. आधी ज्या सॉकेटमधून सप्लाय घेतलाय तो तपासा. फेज ते न्यूट्रल 230, फेज ते अर्थही 230 च्या जवळ, न्यूट्रल ते अर्थ 2–3 व्होल्टच्या आत असावं. फेज ते अर्थ 40 किंवा 110 असा काहीतरी तरंगता आकडा आला तर तिथे अर्थ नाहीच. शेतघरांत आणि छोट्या ढाब्यांवर हे फार सापडतं.

गाडीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच सप्लाय तोडणारं स्विच, हवाच. तो ट्रिप होत असेल तर काढून टाकू नका, त्याचं ऐका. सगळे प्लग काढा, एकेक लावत जा. गीझरच्या कॉइलमध्ये ओल शिरलेली बहुधा पहिल्या फेरीत सापडते. सगळे एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारी फ्यूजसारखी बटणं) बंद करूनही ट्रिप होत असेल तर कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकलाय. एमसीबी फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबून तो पडला म्हणजे अर्थ चांगला, असं समजू नका. ते बटण अर्थ नसतानाही काम करतं.

इन्व्हर्टरवर असताना गोष्ट वेगळी. आउटपुटची कुठलीच तार बॉडीला जोडलेली नसेल तर पहिल्या गळतीला आरसीसीबी पडणारच नाही, कारण करंटला परत जायला वाट नाही. त्यासाठी इन्व्हर्टरच्या न्यूट्रलला बॉडीशी जोडणारा चेंजओव्हर रिले लागतो, आणि बाहेरचा प्लग लावताच तो जोड आपोआप सुटायला हवा. इन्व्हर्टरच्या आतच ही सोय आहे का ते त्याच्या पुस्तिकेत बघूनच हा जोड करा, नाहीतर काही इन्व्हर्टर जागीच जळतात. हे काम लायसन्स असलेल्या वायरमनकडून करून घ्यावं.

सॉकेटला फेज ते अर्थ 230 आलं, तरी तो अर्थ भार पेलेल याची खात्री मीटर देत नाही, पंपाच्या तारेसारखंच. आणि तो आकडा तरंगत असेल तर प्लग लावायचाच नाही. ती रात्र इन्व्हर्टरवर, फ्रिज आणि दोन दिव्यांवर काढायची.